अठ्ठावन्नावर अडकलेला आकडा: कोकणातल्या एका एमआरआय मॅग्नेटमधल्या हेलियम-पातळीचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका तपासणी केंद्रातलं हे प्रकरण. केंद्रात १.५ टेस्लाचं एमआरआय यंत्र आहे आणि त्याच्या मॅग्नेटच्या पोटात, कॉइल थंड ठेवण्यासाठी, हजार लिटरहून जास्त द्रवरूप हेलियम मावतं. मॅग्नेट ‘झीरो बॉइल-ऑफ’ प्रकारचं. म्हणजे उकळून वर आलेली हेलियमची वाफ कोल्ड हेडवर, म्हणजे माथ्यावरच्या अतिथंड भागावर, थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि थेंब थेंब खाली पडते. कोल्ड हेड चालवणारा कंप्रेसर आणि त्याला गार पाणी पुरवणारा चिलर सुरळीत चालले, तर वर्षानुवर्षं हेलियम घालावं लागत नाही.

जुलैच्या एक तारखेला नोंदवहीत पातळी ६१ टक्के लिहिलेली होती. पहिल्या आठवड्यात ती ५८ झाली आणि मग महिना संपेपर्यंत ५८च राहिली. क्वचित एखाद्या सकाळी ५९. केंद्रचालक निर्धास्त होते, आणि ते साहजिक होतं. अशा मॅग्नेटची पातळी स्थिरच असायला हवी. दूरवरून देखरेख करणाऱ्या सेवा कंपनीच्या पडद्यावरही तोच आकडा जात होता आणि तिकडूनही ‘सर्व ठीक’ येत होतं.

अस्वस्थ होता तो तिथला तरुण टेक्निशियन. त्याने मला फोन केला तेव्हा त्याच्याकडे पुरावा असा काही नव्हता, नुसती विसंगती होती. “मॅडम, महिनाभर रात्री-अपरात्री लाइट जातेय. लाइट गेली की कंप्रेसर बंद. मग हेलियम कमी व्हायला नको का? आकडा तर ढिम्म हलत नाही.” त्याच्या मागून जनरेटर बघणाऱ्या काकांचा आवाज आला: “रात्रभर त्या पायपातून सूं सूं चालू असतं, ते पण सांग. सकाळच्याला पायपावर दंव असतं पांढरं.”

दोघांचं बोलणं ऐकून मी निघाले. बाहेर जाणाऱ्या पाइपातून गार वायूचा आवाज आणि पडद्यावर न हलणारी पातळी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

पातळी मोजतात कशी

हेलियमची पातळी मोजणं इतर द्रवांपेक्षा अवघड का, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वातावरणाच्या दाबाला हेलियम ४.२ केल्विनला उकळतं, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याची घनता लिटरला फक्त १२५ ग्रॅम, पाण्याच्या आठवा भाग. त्यामुळे तरंगणारा गोळा वापरायचा तर तो तरंगणार कशावर, हाच प्रश्न. द्रवाच्या एक मीटर स्तंभाचा दाब पाण्याच्या जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरएवढा, म्हणून दाबाच्या फरकावरून मोजायलाही फार नाजूक उपकरण लागतं. द्रवरूप नायट्रोजनसाठी धारितेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालणारा प्रोब (आत सोडलेली मोजकांडी) उत्तम चालतो, कारण द्रव आणि वाफ यांच्या विद्युत गुणांत चांगलं अंतर असतं. हे गुण ज्या आकड्यात मोजतात तो पराविद्युत स्थिरांक नायट्रोजनचा १.४३ आहे, हेलियमचा १.०५च्याही किंचित खाली. वाफेचा जवळपास १. त्या चिमूटभर फरकावर टक्के मोजायचे म्हणजे प्रोबपर्यंतच्या तारा आणि जोडण्यासुद्धा अतिशय स्थिर हव्यात.

डोळ्यांनी बघायचं म्हटलं, तर द्रवाचा अपवर्तनांक १.०२५च्या जवळ, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना जवळपास वळतच नाही. १० जुलै १९०८ रोजी लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी पहिल्यांदा हेलियम द्रव केलं, तेव्हा काचेच्या भांड्यात द्रव जमलेला असूनही त्याचा पृष्ठभाग आधी कुणाच्या लक्षात आला नाही. खालून उजेड पाडल्यावर तो दिसला.

म्हणून मॅग्नेटमध्ये अतिवाहक तारेचा प्रोब वापरतात. निओबियम-टायटॅनियमची केसासारखी बारीक तार एका भोकं पाडलेल्या नळीत उभी ताणलेली असते. ही मिश्रधातू साधारण ९ ते १० केल्विनच्या खाली अतिवाहक होते, म्हणजे तिचा रोध शून्य होतो. तारेतून ठरलेला प्रवाह सोडतात, बहुतेक उपकरणांत तो ७५ मिलिॲम्पिअर असतो. वरच्या टोकाला एक छोटा हीटर तारेचा वरचा तुकडा तापवून त्याची अतिवाहकता मोडतो. मोडलेल्या भागात रोध आला की त्याच्यातून प्रवाह जाताना उष्णता निघते, ती शेजारच्या तुकड्याला तापवते, तोही मोडतो, आणि ही लाट खाली सरकत द्रवाच्या पृष्ठभागापाशी येऊन थांबते. द्रव उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतो की त्याखालची तार अतिवाहकच राहते. आता तारेवरचा व्होल्टेज मोजला की कोरडी लांबी कळते. विहिरीत सोडलेल्या दोराचा कोरडा भाग बघून पाणी किती खाली गेलं ते सांगावं, तसंच हे.

या मॅग्नेटच्या प्रोबची सक्रिय लांबी १०० सेंटिमीटर होती, त्यामुळे एक टक्का म्हणजे एक सेंटिमीटर, हिशेब सोपा. तारेचा रोध सेंटिमीटरला साधारण ४.५५ ओहम. ५८ टक्के पातळी म्हणजे ४२ सेंटिमीटर कोरडी तार, १९१ ओहम, आणि ७५ मिलिॲम्पिअरला १४.३ व्होल्ट. उपकरण नेमका हाच व्होल्टेज बघून ५८ दाखवत होतं. म्हणजे पडद्यावरचा आकडा आणि उपकरणाला दिसणारा व्होल्टेज यांत काही गडबड नव्हती. चूक त्याच्याही मागे होती.

एक सांगायचं राहिलं. प्रोब सतत चालू ठेवत नाहीत. अर्ध्याहून जास्त तार कोरडी असेल तर ७५ मिलिॲम्पिअरला ती साधारण दीड वॅट उष्णता सोडते, आणि एक वॅट उष्णता ताशी सुमारे १.४ लिटर हेलियम उकळवते. त्यातली बरीच उष्णता वरची वाफ घेऊन जाते हे खरं, तरी पातळी मोजण्याच्या नादात पातळी कमी करण्यात अर्थ नाही. म्हणून उपकरण अधूनमधून काही सेकंद प्रवाह सोडतं, आकडा घेतं आणि थांबतं. याचा तोटा असा की तारेत काय चाललंय ते बघायचं, तर त्या काही सेकंदांतच बघावं लागतं.

आकड्याच्या बाहेरचे साक्षीदार

पोहोचल्यावर मी प्रोबला हात लावला नाही. आधी हेलियम खरोखर जातंय का, हे प्रोब सोडून इतर कुणाकडून तरी कळायला हवं होतं.

पहिला साक्षीदार कंप्रेसरचा तासमापक. कंप्रेसर चालतो तेवढेच तास त्यावर पुढे जातात. टेक्निशियनने एक तारखेची आणि महिनाअखेरची दोन्ही वाचनं लिहून ठेवली होती, आणि या प्रकरणात सर्वांत मोलाची गोष्ट तीच ठरली. जुलैचे ३१ दिवस म्हणजे ७४४ तास. तासमापक पुढे सरकला होता ६१८. म्हणजे १२६ तास कंप्रेसर बंद होता. तेवढे तास लाइट गेली नव्हती. पण लाइट परत आली तरी चिलरचं पाणी फिरू लागेपर्यंत कंप्रेसर ट्रिप होऊन बसायचा आणि तो हाताने रीसेट करावा लागायचा. मध्यरात्री गेलेली लाइट तासाभरात आली, तरी कंप्रेसर सकाळी माणूस येईपर्यंत बंदच.

दुसरा साक्षीदार दाब. मॅग्नेटच्या भांड्यातला दाब एरवी वातावरणापेक्षा थोडासाच वर असतो. कोल्ड हेड थांबला की वाफ पुन्हा द्रव होत नाही, दाब चढतो, सुटकेचा व्हॉल्व्ह उघडतो आणि वायू बाहेर जातो. दाबाच्या नोंदींत प्रत्येक बंद रात्रीचा उंचवटा स्वच्छ दिसत होता.

तिसरा साक्षीदार मी सोबत नेला होता: वायुमापक. बाहेर जाणाऱ्या वाटेवर, वायू खोलीच्या तापमानाला यावा म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं, आणि पुढे मीटर. हवा उलटी आत शिरू नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह फार महत्त्वाचा. आत गेलेली हवा गोठते आणि बर्फाचा बूच अशा ठिकाणी बसवते की पुढे सुटकेची वाटच बंद होते. त्या संध्याकाळी लाइट गेली, कंप्रेसर थांबला आणि दाब चढून स्थिर झाल्यावर आम्ही तीन तास मीटर चालू दिला. ३.६ घनमीटर वायू गेला.

आता याचे लिटर करायचे. इथे एक बारकावा आहे, आणि तो सोडला तर उत्तर सात-आठांत एकाने चुकतं. २७ अंश सेल्सिअसला एक लिटर द्रव हेलियमचा साधारण ७७० लिटर वायू होतो. पण पातळी एक लिटरने उतरली, तर ती रिकामी झालेली जागा वाफेने भरते, आणि ४.२ केल्विनची हेलियमची वाफ विलक्षण दाट असते: लिटरला जवळपास १७ ग्रॅम. म्हणजे १२५ ग्रॅमपैकी १७ भांड्यातच राहिले, बाहेर गेले १०८. त्यांचा वायू होतो साधारण ६६५ लिटर. ३,६०० भागिले ६६५ म्हणजे ५.४ लिटर. ताशी १.८.

तीन तासांत ५.४ लिटर गेले तर पातळीवर फरक अर्ध्या टक्क्याचाही पडत नाही, त्यामुळे एकट्या वायुमापकाने पडद्यावरचा ५८ खोटा ठरत नव्हता. त्याने वेग दिला. तास तासमापकाने दिले. १२६ गुणिले १.८, म्हणजे सुमारे २२७ लिटर. या मॅग्नेटच्या तक्त्यानुसार ४० ते ६०च्या पट्ट्यात एका टक्क्याला १२ लिटर पडतात. तक्ता यासाठी लागतो की भांडं आडव्या नळकांड्याचं, मधून आरपार बोगदा, आत कॉइलचा पसारा. पट्टा बदलला की टक्क्याचे लिटर बदलतात. २२७ भागिले १२, साधारण १९. म्हणजे ६१तून १९ गेले: पातळी ४२च्या आसपास असायला हवी.

या यंत्राच्या पुस्तिकेत ४०च्या खाली स्कॅन थांबवायला सांगितलेलं आहे. त्याहून खाली जात राहिलं तर कॉइलचा वरचा भाग पुरेसा थंड राहील याची खात्री देता येत नाही आणि मॅग्नेट क्वेंच होऊ शकतं, म्हणजे कॉइलची अतिवाहकता अचानक मोडू शकते. मग कॉइलमधली सगळी ऊर्जा उष्णता होते आणि उरलेलं हेलियम काही मिनिटांत छतावरच्या पाइपातून निघून जातं. आम्ही त्या रेषेच्या अगदी काठावर होतो, आणि पडदा म्हणत होता की अजून १८ टक्के हाताशी आहेत. मी त्या रात्री केंद्रचालकांना सांगून दुसऱ्या दिवसाचे स्कॅन थांबवले आणि हेलियमची मागणी नोंदवायला लावली. प्रोबचा दोष सापडण्याआधी हा निर्णय घेतला, कारण हेलियम जातंय हे तोवर सिद्ध झालं होतं. पडदा का चुकतोय हा प्रश्न एक दिवस थांबू शकत होता.

दोष कुठे होता

सेवा कंपनीचं पहिलं मत पडलं की प्रोब खराब झालाय, बदलावा लागेल. मला ते पटलं नाही. तार तुटली असती तर प्रवाहच थांबला असता आणि उपकरणाने दोष दाखवला असता. नळीत गोठलेली हवा अडकली असेल ही शक्यता मी धरली होती. पण पहिल्या आठवड्यात आकडा ६१वरून ५८वर आला, तो बरोबर उतरला होता. आणि मग एका जागी थांबला. एका उंचीपर्यंत खरं बोलणारं आणि त्याखाली थांबणारं उपकरण, हे लक्षण मला तारेपेक्षा तिला प्रवाह देणाऱ्या स्रोताकडे बोट दाखवताना दिसलं.

प्रोबला चार तारा असतात. दोन प्रवाह नेण्या-आणण्याच्या, दोन व्होल्टेज मोजण्याच्या. ही रचना मुद्दाम असते. व्होल्टेजच्या तारांतून प्रवाह जवळपास नसतोच, म्हणून जोडणीतला, केबलमधला रोध मोजमापात मिसळत नाही. प्रत्येक इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला हे पाठ असतं, आणि म्हणूनच जोडणीकडे संशयाने कुणी बघत नाही. पण या रचनेला एक अट आहे: स्रोत ठरलेला प्रवाह खरोखर देत असला पाहिजे. हे उपकरण प्रवाह मोजत नव्हतं. ७५ मिलिॲम्पिअर जातोय असं गृहीत धरून व्होल्टेजला त्याने भागत होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवाहाच्या वाटेत ॲमीटर घातला आणि हाताने वाचन घ्यायला लावलं. टेक्निशियन पडद्यापाशी, मी मॅग्नेटच्या माथ्याशी शिडीवर. पहिल्या क्षणी ॲमीटरवर ७५ आले. मग रोधाची लाट तारेतून खाली सरकू लागली तसा आकडा उतरू लागला: ७१, ६६, ६२, आणि ६०वर येऊन ठरला. पडद्यावर आले ५८ टक्के.

गणित तिथेच सुटलं. स्रोत जास्तीत जास्त ४० व्होल्ट देऊ शकतो. १०० सेंटिमीटर तार पूर्ण कोरडी असली तरी ७५ मिलिॲम्पिअरला ३४ व्होल्ट लागतात, म्हणजे निरोगी जोडणीला ४० पुरेसे. पण तारेवर १४.३ व्होल्ट पडत होते, उरलेले जवळपास २५.७ कुठे तरी वाटेत खर्च होत होते. ६० मिलिॲम्पिअरला २५.७ व्होल्ट म्हणजे ४३० ओहमच्या आसपासचा रोध, जिथे काही ओहमच असायला हवेत तिथे. पातळी वर असते तेव्हा कोरडी तार आखूड, तिला व्होल्ट कमी लागतात, आणि फाजील रोध थोडा असेल तर स्रोत तो सोसूनही पूर्ण प्रवाह देतो. जुलैच्या सुरुवातीला जोडणी इतकी बिघडली नसावी. म्हणून ६१ खरे, ५८पर्यंतचं उतरणंही खरं. पुढे पातळी उतरत गेली आणि जोडणीही बिघडत गेली, तशी लांबलेली कोरडी तार आणि खराब जोडणी मिळून स्रोताची मर्यादा गाठतात. प्रवाह पडतो. प्रवाह पडला की तारेतली उष्णता त्याच्या वर्गाने घटते, आणि लाट द्रवापर्यंत न पोहोचता वरच्या गार वाफेतच अडते. खालचे काही सेंटिमीटर कोरडे असूनही अतिवाहक राहतात. एकीकडे व्होल्टेज कमी, दुसरीकडे कोरडी लांबीही कमी दिसते, आणि उपकरण दोन्हीचा अर्थ ‘हेलियम भरपूर आहे’ असाच लावतं.

१४.३ व्होल्ट आणि ६० मिलिॲम्पिअर म्हणजे २३८ ओहम, साधारण ५२ सेंटिमीटर. तार तेवढी तापत होती. प्रत्यक्ष द्रव त्याहूनही खाली होता.

मल्टिमीटरने जोडी-जोडी तपासली. वरच्या टोकाच्या प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या तारेत काही ओहम, ठीक. खालच्या टोकाच्या जोडीत चारशेच्या वर, आणि केबल हलवली की आकडा नाचतो. मॅग्नेटच्या माथ्यावरचा गोल कनेक्टर उघडला. एका पिनेचा सोनेरी मुलामा मुळाशी उडालेला, खाली तांब्याचा हिरवा चिकट थर, आणि रबरी वॉशरच्या कडेला मिठाची पांढरी रेघ. वॉशर कडक होऊन एका बाजूला चिरला होता.

कोकणात खारी हवा लोखंड-तांबं खाते हे कुणाला सांगावं लागत नाही. पण ती या पिनेपर्यंत नेमकी कशी पोहोचली, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. मॅग्नेटच्या खोलीत एसी आणि आर्द्रता-नियंत्रण असतं. लाइट गेली की दोन्ही बंद. त्याच वेळी कोल्ड हेडही बंद, म्हणून गार वायू माथ्यावरच्या सुटकेच्या पाइपातून जाऊ लागतो. पाइप, त्याचा पाया, शेजारचा कनेक्टर, सगळं गार पडतं. जुलैची दमट हवा त्या गार धातूवर घाम धरते आणि पाणी चिरलेल्या वॉशरमधून आत झिरपतं. ज्या रात्री हेलियम जातं, त्याच रात्री हेलियम मोजणाऱ्या जोडणीवर पाणी पडतं. किनाऱ्यावरच्या यंत्रांत पातळी-मापक आणि हेलियम एकाच वेळी दगा देतात तो योगायोग नव्हे, दोन्हींचं मूळ एकच आहे.

पिन घासून साफ केली तर तात्पुरती चालते, पण उघडं पडलेलं तांबं पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरवं होणार. केबलकडचा कनेक्टर आम्ही बदलला, मॅग्नेटकडच्या पिना स्वच्छ करून बघितल्या, त्या सुदैवाने शाबूत होत्या. नवा वॉशर, वरून पाणी ओघळणार नाही असं आवरण, आणि केबलला खाली झोल, म्हणजे पाणी उतरलंच तर कनेक्टरकडे न जाता झोलाच्या तळाशी गळावं. पुन्हा वाचन घेतलं. ॲमीटर शेवटपर्यंत ७५वर, तारेवर १९.४ व्होल्ट, पडद्यावर ४३.

अंदाज होता ४२चा.

हेलियम येईपर्यंत

चालू स्थितीत ठेवलेला कंप्रेसर, थांबवलेले स्कॅन आणि ४३ टक्के, एवढ्यावर काही दिवस काढायचे होते. मुंबईहून येणारी गाडी परशुराम घाटात दरडीमुळे अडकली. ड्युअरमधलं, म्हणजे ने-आण करायच्या उष्णतारोधक भांड्यातलं, हेलियम गाडी उभी असतानाही उडतच असतं, २५० लिटरच्या ड्युअरमधून रोज साधारण टक्काभर, आणि खड्ड्यांतून हिंदकळला तर त्याहून जास्त. म्हणून ड्युअर उतरवला की चलनावरचा आकडा न धरता आपण मोजायचा. सगळ्यांत भरवशाचा मार्ग वजनाचा: रिकाम्याचं वजन ड्युअरवर कोरलेलं असतं, फरकाला १२५ ग्रॅमने भागा. पहिल्या ड्युअरमध्ये २८.४ किलो भरलं, म्हणजे २२७ लिटर.

तरी मी टेक्निशियनला हाताने मोजायची रीतही दाखवली, कारण वजनकाटा सगळीकडे नसतो. बारीक लांब नळी, वरच्या टोकाला ताणलेला रबरी पडदा. नळी हळूहळू ड्युअरमध्ये उतरवायची आणि पडद्यावर अंगठा हलकेच ठेवायचा. एक टोक ४ केल्विनला आणि दुसरं हाताच्या तापमानाला असल्याने आतला वायू आपोआप मागे-पुढे आंदोलू लागतो. टोक द्रवात असलं की ठोके संथ आणि जड लागतात, द्रवाच्या वर आलं की एकदम जलद, बारीक थरथर. तो बदल जिथे होतो तिथे नळीवर खूण करायची, मग तळ टेकवून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर ही द्रवाची उंची. त्याने दोन-तीनदा नळी वर-खाली केली आणि एका जागी थांबून म्हणाला, “इथे बदललं, मॅडम.” खुणेवरून आलेला आकडा वजनाच्या आकड्याला पाच-सहा लिटरच्या आत जुळला. नळी फार वेळ आत ठेवायची नाही, हीच आंदोलनं बाहेरची उष्णता आत पोचवतात.

हा मुलगा मूळचा विजयदुर्गाकडचा. तिकडे किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून चौथरे आहेत आणि १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, तर हेलियम तिथूनच सापडलं ना, असं त्याने विचारलं. इतिहास नीट सांगावा असा आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. नॉर्मन लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते आणि ऑक्टोबरात त्यांनी ग्रहणाशिवाय तसंच निरीक्षण केलं. त्यात दिसलेल्या पिवळ्या रेषेचा माग काढताना हेलियमची कल्पना पुढे आली. पृथ्वीवर ते रॅम्झी यांना १८९५ मध्ये सापडलं. लॉकियर विजयदुर्गला आले ते जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. हेलियमचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे तो शास्त्रज्ञ त्या किल्ल्यावर दुर्बिणी लावून बसला होता, एवढं खरंच आहे आणि ते पुरेसं मोठं आहे.

भरताना खोलीचं दार उघडं, ऑक्सिजन-मापक चालू, खोलीत गरजेपुरतीच माणसं. ड्युअरमधून मॅग्नेटमध्ये हेलियम नेणारी ट्रान्सफर लाइन आधी पुरती गार होऊ दिली, नाहीतर गरम वायू आत घुसून आहे तेच हेलियम उडवतो. भरत असताना पातळीचं वाचन विश्वासाचं नसतं, द्रव खळबळत असतो आणि प्रोबच्या नळीत वर चढतो. प्रत्येक ड्युअरनंतर थांबून, दाब निवल्यावर वाचन घेतलं. तिसरा ड्युअर संपल्यावर ७९.

त्यानंतर नोंदवहीचं पान बदललं. आधी तारीख, पातळी, सही एवढंच होतं. आता तारीख, पातळी, भांड्यातला दाब, कंप्रेसरचे तास, आणि आठवड्यातून एकदा वाचनाच्या शेवटच्या सेकंदाला प्रोबचा प्रवाह. पातळी स्थिर आणि तास कॅलेंडरच्या मागे पडलेले, असं दिसलं की त्याच दिवशी फोन करायचा, हे पानाच्या वरच लिहिलं आहे. कंप्रेसर आणि चिलर जनरेटरवर घेतले. चिलरचं पाणी फिरल्याची खात्री झाल्यावर कंप्रेसर आपोआप सुरू व्हावा, यासाठी विलंबाची सोय करायची आहे. तिला सेवा कंपनीची लेखी परवानगी अजून आलेली नाही, तोवर रात्रीच्या पाळीला काका रीसेट करतात.

भांड्यात दुसरा, राखीव प्रोबही आहे. त्याचा कनेक्टर त्याच माथ्यावर, त्याच पाइपाच्या दुसऱ्या बाजूला. तोही उघडून बघितला. वॉशर तसाच कडक झालेला, पिना अजून सोनेरी. तोही बदलून टाकला.